दृष्टिबाह्यकाचे प्रकाशशमन

जनुकीय बदलाने निवडक चेतापेशी प्रकाशसंवेदी करायच्या आणि प्रकाश टाकून त्यांचे विद्युत्‌ स्पंद थोपवायचे, असे हे ऑप्टोजेनेटिक्समधील तंत्र. दृष्टीच्या अभ्यासात ते उंदराच्या प्राथमिक दृष्टिबाह्यकावर (डोळ्यांकडून आलेले संकेत हाताळणाऱ्या मेंदूच्या बाह्य थरावर) विशेष वापरले जाते. उंदराची कवटी पातळ आणि मेंदूला वळ्या नाहीत, त्यामुळे प्रकाश पोहोचवणे सोपे पडते. बाह्यक गप्प करण्यासाठी पूर्वी तो भाग थंड करीत किंवा मुसिमॉल हे औषध टोचीत. या औषधाचा अंमल तासन्‌तास राही. प्रकाशाने पेशी काही मिलिसेकंदांत गप्प होतात आणि दिवा बंद झाल्यावर लवकरच पूर्ववत होतात.

थेट शमनासाठी क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांची प्रथिने वापरतात. हॅलोऱ्होडॉप्सिन पिवळ्या प्रकाशात क्लोराइड आयन पेशीत ओढते (चेतापेशींत वापर २००७), तर आर्किऱ्होडॉप्सिन प्रोटॉन बाहेर फेकते (२०१०). बाह्यकाचा मोठा भाग शांत करायचा तर आडवाट अधिक परिणामकारक ठरते: पार्व्हाल्ब्युमिनयुक्त निरोधक पेशींत शैवालातले चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ बसवून निळ्या प्रकाशाने त्यांनाच चेतवतात. त्या गाबा हे निरोधक रसायन स्रवतात आणि भोवतालच्या उत्तेजक पिरॅमिडल पेशींना आवरतात.

या तंत्राने हाताळलेला सर्वांत सुंदर प्रश्न १९६२ चा आहे. बाह्यकातील पेशी ठरावीक कलाच्या रेषेलाच जोरदार प्रतिसाद देते, याचे मूळ थॅलॅमसकडून (डोळ्यांचे संकेत बाह्यकाकडे पोहोचवणाऱ्या मेंदूच्या भागाकडून) येणाऱ्या तंतूंच्या मांडणीत असावे, असे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरावरील प्रयोगांतून सुचवले होते. पण बाह्यकातील पेशी एकमेकींनाही सतत चेतवतात. मग थॅलॅमसचा वाटा वेगळा कसा काढायचा? २०१३ मध्ये अँथनी लियन आणि मास्सिमो स्कान्झियानी यांनी बाह्यक प्रकाशाने गप्प केले आणि चौथ्या थरातील पेशींत उरलेला, म्हणजे थॅलॅमसकडून येणारा, प्रवाह मोजला. तो एकूण उत्तेजनाच्या सुमारे एक तृतीयांश भरला, आणि रेषेचा कल त्यातही उमटलेला होता. बाह्यक तोच संकेत वाढवते.

निष्कर्ष काढताना मात्र फार जपावे लागते. हॅलोऱ्होडॉप्सिनमुळे पेशीत क्लोराइड साचले की गाबाचा निरोधच दुबळा होतो. तीव्र प्रकाशाने ऊती तापते. शमन उजेडाच्या ठिपक्यापुरते न राहता बाजूलाही पसरते. शिवाय उंदराला तो प्रकाश स्वतःलाच दिसू शकतो. म्हणून वर्तनप्रयोगांत त्याच रंगाचा दिवा डोळ्यांसमोर सर्वच फेऱ्यांत लुकलुकत ठेवतात.