गाठीभोवतालची सूज

* उतई हे दुर्ग जिल्ह्यातले, भिलाईजवळचे गाव. मेंदूत गाठ असलेल्या तिथल्या मामांची गेलेली वाचा गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांत परत आली, हे वर वाचून गाठ विरघळली असे वाटेल. तसे होत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातले बरेच पदार्थ आत शिरू शकत नाहीत. ग्लिओब्लास्टोमासारखी वेगाने वाढणारी गाठ ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन सोडून स्वतःसाठी नव्या वाहिन्या फुटवते. त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. पाझरलेल्या द्रवाने भोवतालचा निरोगी मेंदू सुजतो, आणि कवटीत त्या सुजेला जागा नसते. त्या गोळ्यांतले डेक्सामेथासोन हे औषध ही गळती कमी करते. १९६१ साली अमेरिकेत गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी हा उपयोग प्रसिद्ध केला. सूज ओसरते, गाठ राहते.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. एरवी मेंदूचा जो भाग काम करतो तिथे रक्तप्रवाह वाढतो. गाठीजवळच्या वाहिन्यांचा हा प्रतिसाद मंदावतो. एफएमआरआय तपासणी याच प्रवाहावर विसंबते, त्यामुळे बोलण्याचे काम करणारा भागही चित्रात निष्क्रिय दिसू शकतो. म्हणून काही रुग्णांना शस्त्रक्रियेत जागे ठेवून बोलते करतात.

बरे वाटले म्हणून या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवू नयेत, ही वाचकांना कळकळीची विनंती. — संपा.