वऱ्हाडातील घरची विहीर : दुरुस्तीचा इतिहास

अमरावतीच्या परकोटाच्या आत किंवा जुन्या अकोल्यात एखाद्या वाड्याच्या मागच्या अंगणात गेलात, तर अजूनही कुठे कुठे दगडी बांधणीची विहीर दिसते. वर पत्रा टाकलेला असतो. रहाटाचे खांब उभे असतात, पण गडगडी गेलेली असते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारले, तर बहुधा उत्तर मिळते, "पाणी चांगलं होतं. नळ आला आणि विहीर खराब झाली."

नळ आल्याने विहीर खराब कशी होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वऱ्हाडच्या जमिनीचा, रोगराईचा आणि समाजाचाही इतिहास हाती लागतो.

प्रथम जमीन पाहू. विहीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याला आपण करून दिलेली ती वाट आहे. वऱ्हाडात ही जमीन दोन प्रकारची आहे. अमरावती शहर, पातूर, बार्शीटाकळी या भागांत काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. पाणी या खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते. येथे विहिरीचा वरचा मातीचा भाग बांधून काढला की पुरते, कारण खालचा खडक आपला आपण उभा राहतो. दर्यापूर आणि अकोटच्या बाजूला पूर्णा नदीचे खोरे मात्र गाळाचे आहे. तेथे माती आणि वाळूचे थर फार खोलवर गेले आहेत, म्हणून विहीर तळापर्यंत बांधावी लागते. दर्यापूर तालुक्यातील महिमापूरची सात मजली पायविहीर पाहिली, की हे काम किती मोठे होते याची कल्पना येते.

बांधलेली विहीर तशीच टिकत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दरवर्षीच्या या रेट्याने बांधकाम आत ढकलले जाते आणि दगडांचे सांधे सुटतात. त्या फटींत पिंपळ किंवा उंबर रुजतो आणि त्याची मुळे उरलेले काम करतात. तळाशी गाळ साचून झरे बुजतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गाळ उपसायचा, रोपे मुळासकट काढायची आणि सांध्यांत पुन्हा चुना भरायचा अशी रीत होती. शिवाय रोजचा उपसा हीच एक दुरुस्ती होती. पाणी काढले की नवे पाणी झऱ्यातून येते आणि झरा मोकळा राहतो. उपसा थांबला की पाणी साचून राहते, पाने कुजतात आणि त्या पाण्याला वास येतो. वडीलधारी मंडळी म्हणतात ते खरे आहे. नळाने विहीर बिघडवली नाही, पण नळ आल्यावर तिच्याकडे जाणे थांबले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्ती या शब्दाला आणखी एक अर्थ आला. १८५४ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखवला होता. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्धोक असते, हा समज यामुळे मोडला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाड होरपळून निघाले. दुष्काळात थोड्याच विहिरींना पाणी उरते, सारे गाव तेथे जमते आणि एका रोग्यामुळे अनेकांना धोका होतो. त्याच दशकात आग्र्याचे रसायनतज्ज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढे आणला. विहिरीचे पाणी गुलाबी करणारे हे औषध जुन्या लोकांच्या आठवणीत असते. पुढे त्याची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली.

औषधापेक्षा बांधकामाने केलेले काम मात्र अधिक टिकाऊ ठरले. उंच कठडा, भोवती उतरता ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली असेल, तर कपडे धुतलेले पाणी परत विहिरीत जात नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण नारूचे आहे. नारूचा रोगी पायविहिरीत उतरला की त्याच्या पायावरील फोडातून अळ्या पाण्यात जात. पाण्यातील सूक्ष्म जीव त्या अळ्या खात आणि ते पाणी पिणाऱ्याला सुमारे वर्षभराने नारू होई. या रोगावर ना लस होती ना खात्रीचे औषध. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. तिच्यात पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्या वरून पाणी ओढण्याजोग्या केल्या गेल्या आणि पाणी गाळून पिण्याची सवय लावली गेली. देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रही या रोगाच्या राज्यांपैकी एक होता.

विहिरीत आणखी एक दोष होता, तो दगडाचा किंवा जंतूंचा नव्हता. गावाची विहीर सर्वांची नव्हती. १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुल्या केल्या. विहिरीच्या इतिहासात याही दुरुस्तीची नोंद हवी.

आता पुन्हा जमिनीकडे येऊ. पाणी कमी झाले की आपला पहिला विचार असतो, विहीर आणखी खोल करावी. बसाल्टच्या भागात याने कधी कधी नवी भेग लागते आणि पाणी वाढते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मात्र हाच उपाय उलटू शकतो. तेथे खालचे पाणी खारे आहे. पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके असल्याने काही ठिकाणी त्यावर पातळ थरासारखे राहते. विहीर खोल केली किंवा पंपाने जोरात उपसा केला, की खालचे खारे पाणी वर चढते. याच खोऱ्यात एकेकाळी खाऱ्या पाण्याच्या विहिरी खोदून मीठ काढीत, हे येथे आठवावे. पुढे वान आणि शहानूर धरणांतून या भागातील गावांसाठी नळयोजना आल्या, त्याचे कारण हेच आहे. थोडक्यात, दुरुस्ती ठरवण्याआधी आपली विहीर कोणत्या जमिनीत आहे हे पाहिले पाहिजे.

आज नळाचे पाणी रोज येतेच असे नाही, तरीही कित्येक जुन्या विहिरींत केरकचरा टाकला जातो. अशी विहीर नुसती निकामी नसते. जमिनीच्या गाळणीला वगळून ती घाण थेट भूजलात पोहोचवते आणि शेजारच्या बोअरचे पाणीही बिघडवते.

वर्गात एक गणित करून पाहा. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर ३.१४ × १ × १ × ३ म्हणजे ९.४२ घनमीटर, अर्थात ९,४२० लिटर पाणी झाले. चांगली ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर सुमारे २४ ग्रॅम लागेल. पावडर टाकल्यावर निदान तासभर पाणी काढू नये. तिने जंतू मरतात, खारेपणा जात नाही, हा फरक मुलांना अवश्य सांगावा.

मापे मात्र दोरी आणि दगडाने काठावरूनच घ्यावीत. बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायूही साचतात. कंदील विझला नाही म्हणून आत सुरक्षित आहे, असे समजू नये. उतरण्याचे काम साधने असलेल्या जाणकारांचे आहे.

मग मुलांना घरी जाऊन एवढेच विचारायला सांगा : आपली विहीर शेवटची कधी उपसली होती, आणि तेव्हा तिचे पाणी कोण कोण भरत होते? मिळालेली उत्तरे फळ्यावर लिहिली, की गावाच्या पाण्याचा इतिहास लिहायला सुरुवात झालेली असेल.