महिला गटाची पात्रता (मैदानी स्पर्धा)

मैदानी स्पर्धांच्या महिला गटात कोणाला उतरता येईल हे ठरवणारे नियम, त्यासाठी होणाऱ्या वैद्यकीय चाचण्या आणि त्यांवरून चाललेला वाद. जागतिक संघटनेने (२०१९ पर्यंत आयएएएफ, त्यानंतर वर्ल्ड ॲथलेटिक्स) गेल्या साठ वर्षांत ही कसोटी अनेकदा बदलली. दर वेळी आधीची कसोटी सदोष ठरली. पण तिच्यापायी ज्यांची कारकीर्द संपली, त्या खेळाडूंना गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत.

स्वतंत्र महिला गट हवा, याबद्दल फारसे दुमत नाही. ८०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा (डेव्हिड रुदिशा, २०१२), तर महिलांचा १ मिनिट ५३.२८ सेकंदांचा (यार्मिला क्रातोख्विलोवा, १९८३) आहे. म्हणजे अंतर सुमारे १२ टक्के. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू, हाडे आणि रक्तातले हिमोग्लोबिन यांत जो फरक पडतो, तो यामागचे मुख्य कारण होय. गट एक केले तर जागतिक अंतिम फेरीत एकही स्त्री दिसणार नाही. वाद आहे तो सीमारेषेचा. काही मुलींच्या लिंगविकासात जन्मतःच वेगळेपण असते. त्यांची नोंद मुलगी म्हणून होते, त्या मुलगी म्हणूनच वाढतात. मात्र त्यांची गुणसूत्रे एक्स-वाय असतात, पोटात वृषणग्रंथी असतात आणि टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांइतके असू शकते. अनेकींना हे पहिल्यांदा कळते ते स्पर्धेसाठी केलेल्या तपासणीत.

१९६६ च्या बुडापेस्ट युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या पथकासमोर विवस्त्र उभे राहावे लागले. या अपमानास्पद पद्धतीवर टीका झाली, तेव्हा गुणसूत्रांची चाचणी आली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचे सुवर्ण जिंकणारी पोलंडची एव्हा क्लोबुकोव्स्का बुडापेस्टच्या तपासणीत पात्र ठरली होती. १९६७ मध्ये गुणसूत्र चाचणीत ती अपात्र ठरली आणि तिचे विक्रम पुसले गेले. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये कोबे येथील विद्यापीठ क्रीडास्पर्धेत अशीच अडकली. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होते, पण पेशी त्याला प्रतिसादच देत नव्हत्या. म्हणजे त्याचा फायदा तिला मुळीच मिळत नव्हता. तिने लढा दिला आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तीन हजारांहून अधिक महिलांपैकी ८ जणींच्या चाचणीत वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक आढळले आणि पुढील तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले गेले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये सरसकट चाचणी बंद केली. त्यानंतर उरली ती संशय आला की तपासणी, आणि ती अधिक क्रूर ठरली. कारण संशय बहुधा चेहऱ्यावरून, आवाजावरून आणि अंगकाठीवरून घेतला जाई.

भारताला अशा तपासणीचा चटका २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत बसला. तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या वीटभट्टी मजुरांच्या घरातली संती सौंदरराजन ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली. चाचणीनंतर ते काढून घेतले गेले. निकाल गोपनीय राहिला नाही, माध्यमांत गाजला. पुढे ती प्रशिक्षक झाली, पण पदक तिला परत मिळालेले नाही.

जागतिक संघटनेच्या २०११ च्या नियमाने रक्तातील टेस्टोस्टेरॉनची कमाल मर्यादा लिटरला १० नॅनोमोल ठरवली. त्याच आधारे २०१४ मध्ये ओडिशाच्या विणकर कुटुंबातली १८ वर्षांची द्युती चंद ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळली गेली. औषध घेऊन किंवा शस्त्रक्रिया करून शरीर बदलायला तिने नकार दिला आणि ती लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयात गेली. स्त्री-पुरुषांतील १० ते १२ टक्क्यांच्या अंतराजवळ जाणारा फायदा अशा खेळाडूंना मिळतो, हे संघटनेला सिद्ध करता आले नाही, असे सांगून लवादाने जुलै २०१५ मध्ये नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. द्युती रिओ ऑलिंपिकमध्ये धावली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १०० व २०० मीटरची रौप्यपदके तिने मिळवली. एका भारतीय मुलीच्या दाव्याने जगभरचा नियम थांबवला, हे आपल्या क्रीडा इतिहासात पदकांइतक्याच ठळकपणे नोंदवायला हवे.

संघटनेने २०१८ मध्ये नवा नियम आणला: मर्यादा ५ नॅनोमोल, आणि तीही फक्त ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना. दक्षिण आफ्रिकेच्या कास्टर सेमेन्याचे क्षेत्र नेमके हेच. २००९ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत १८ व्या वर्षी ती ८०० मीटर जिंकली, तेव्हा तिच्या तपासणीची बातमी अंतिम शर्यतीआधीच फुटली होती. १ मे २०१९ रोजी लवादाने दोन विरुद्ध एक मताने तिची याचिका फेटाळली. नियम भेदभाव करणारा आहे हे मान्य करून, महिला गटाच्या रक्षणासाठी तो भेदभाव आवश्यक आहे असे बहुमताने म्हटले. ज्या संशोधनावर संघटनेची भिस्त होती, त्याच्या लेखकांनी २०२१ मध्ये दुरुस्ती छापली आणि त्यातून टेस्टोस्टेरॉन व कामगिरी यांतला कार्यकारणभाव सिद्ध होत नसल्याचे मान्य केले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने, लवादाच्या निर्णयाविरुद्ध स्वित्झर्लंडच्या न्यायालयात सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय दिला. क्रीडानियम योग्य की अयोग्य, यावर मात्र न्यायालयाने निवाडा केला नाही.

दरम्यान मार्च २०२३ मध्ये मर्यादा २.५ नॅनोमोलवर आणून सर्व प्रकारांना लागू केली गेली. पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गट बंद झाला. पारलिंगी खेळाडूंचा प्रश्न आणि वर वर्णिलेल्या स्त्रियांचा प्रश्न वेगळे आहेत, तरी सार्वजनिक चर्चेत दोन्हींची सतत गल्लत होते. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धांसाठी प्रत्येक महिला खेळाडूला आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची चाचणी द्यावी लागते. गालाच्या आतून किंवा रक्तातून नमुना घेतात. समर्थक म्हणतात, सर्वांची चाचणी झाल्याने दिसण्यावरून संशय घेणे थांबेल. हा युक्तिवाद वजनदार आहे. विरोधकांत हे जनुक १९९० मध्ये शोधणारे शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर आहेत. जनुक असणे म्हणजे ते कार्यरत असणे नव्हे, आणि कार्यरत असले तरी शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देते की नाही हे त्यावरून कळत नाही, असे ते सांगतात. टेस्टोस्टेरॉनबाबत पूर्ण असंवेदनशीलता असलेल्या स्त्रियांना नव्या नियमातही सूट आहे, ती याचमुळे.

सीमा कोठेतरी आखावी लागेल, हे खरे. पण ती आखण्याचा भार आजवर मुख्यतः गरीब घरांतल्या, गरीब देशांतल्या तरुणींनी वाहिला आहे. म्हणून भारतातील जिल्हा आणि राज्य संघटनांनी ही चाचणी परदेशी स्पर्धेच्या तोंडावर न करता आधीच करावी, मुलीला तिच्या भाषेत सारे समजावून सांगणारा डॉक्टर आणि समुपदेशक सोबत द्यावा, आणि अहवाल तिच्या परवानगीशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये.