तैवानमधील विवाहाधिकार आणि सार्वमत

समलिंगी व्यक्तींच्या विवाहाधिकाराचा निर्णय लोकांच्या मतावर सोपवावा काय, या प्रश्नाच्या अभ्यासकास तैवानइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. ची ज्या-वेई यांनी १९८६ मध्ये आपल्या विवाहास मान्यता मागितली. ती नाकारली गेली. त्यांच्या व तैपेई नगरशासनाच्या अर्जांवरून महान्यायमूर्तिमंडळाने २४ मे २०१७ रोजी निर्वचन क्रमांक ७४८ दिले. अशा विवाहास नागरी संहितेत वाव नसणे घटनाबाह्य होय, विधिमंडळाने दोन वर्षांत तरतूद करावी, असा तो निर्णय होता. मुदत टळल्यास जोडप्यांना प्रचलित विधीनुसारच नोंदणी करता येणार होती.

२४ नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात मात्र सुमारे ७२ टक्के मते संहितेतील विवाह स्त्री-पुरुषांपुरताच राहावा, या बाजूने पडली. हा आकडा हक्काविरुद्धचा कौल म्हणून नेहमी सांगितला जातो. ते अर्धेच खरे. घटनेचे निर्वचन सार्वमताने रद्द होत नसल्यामुळे हक्क कोणत्या कायद्यात बसवावा, एवढेच मतदारांच्या हाती उरले होते. १७ मे २०१९ रोजी स्वतंत्र कायदा संमत झाला. त्याचे नाव मोठे मौजेचे: 'निर्वचन क्रमांक ७४८ अंमलबजावणी अधिनियम'. शीर्षकात 'विवाह' हा शब्दच नाही. विवाहनोंदणी चौथ्या कलमात आढळते. या वेगळ्या चुलीची झळ मुलांनाही लागली. जोडीदाराचे जैविक अपत्यच तेवढे दत्तक घेता येई. संयुक्त दत्तकाची मुभा मिळण्यास २०२३ साल उजाडले.