उंबरठ्यापर्यंत आलेले शास्त्र

व्यवसायोपचार म्हटले की आपल्याला रुग्णालयातला एखादा विभाग आठवतो. इंग्लंडमध्ये मात्र अनेक व्यवसायोपचारतज्ज्ञ काउन्सिलच्या प्रौढ समाजसेवा विभागात असतात आणि लोकांच्या घरी जातात. हे शास्त्र घरापर्यंत कसे पोहोचले, याचा शोध मला उद्बोधक वाटतो.

डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी १९३० मध्ये ब्रिस्टल येथे डॉर्सेट हाउस हे ब्रिटनमधील पहिले व्यवसायोपचार विद्यालय काढले. डॉक्टर होण्यापूर्वी त्या लंडनच्या साउथवर्क भागात ऑक्टेव्हिया हिल यांच्या हाताखाली गरिबांच्या भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहत असत. म्हणजे घराशी या शास्त्राचा संबंध आरंभापासूनच होता. तरी पुढे बराच काळ ते विणकाम, सुतारकाम अशा रुग्णालयीन कार्यशाळांतच रमले.

त्याला बाहेर काढले ते १९७० च्या दीर्घकालीन आजारी व अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने. मँचेस्टरच्या विदेनशॉ मतदारसंघाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी तो खासगी विधेयक म्हणून आणला. गरजू अपंग व्यक्तीच्या घरात आवश्यक फेरबदल करण्यास साहाय्य करणे हे काउन्सिलचे कर्तव्य ठरले. पण गरज ठरवायची कोणी? इथे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम आले.

हे काम दिसायला साधे असते. खुर्चीची उंची मोजायची, जिन्याला कठडा सुचवायचा, न्हाणीघरात माणूस टबच्या काठावरून पाय कसा टाकतो ते पाहायचे. मोठ्या बांधकामासाठी इंग्लंडमध्ये कमाल ३०,००० पौंडांचे अनुदान आहे. मात्र काम 'आवश्यक व योग्य' तसेच 'वाजवी व व्यवहार्य' आहे, असे काउन्सिलला पटावे लागते. एका बाजूला म्हातारीची स्वतःच्या घरात राहण्याची इच्छा आणि दुसरीकडे सार्वजनिक तिजोरी. तज्ज्ञाचा अहवाल या दोहोंमध्ये उभा असतो. माझ्या मते या व्यवसायाची खरी नैतिक कसोटी इथेच लागते. २०१४ च्या केअर अॅक्टने व्यक्तीचे 'स्वास्थ्य' केंद्रस्थानी आणले, पण ही ओढाताण संपली नाही.

आपल्याकडे कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय सुरू केले. शिक्षणात आपण फार मागे नव्हतो. मात्र घरातली न्हाणी, पायरी, उंबरठा यांची जबाबदारी आजही बहुतांशी मुला-सुनांवरच आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या वाढत असताना हा इतिहास आपल्याही उपयोगाचा आहे.