निकाहनंतर बेटावर फिरायला जाताय? आधी बेट ठरवा, खोली नंतर

वलीमा झाला, पाहुणे परतले, की घरात पुढचा विषय निघतो तो फिरायला जाण्याचा. एके काळी कोल्हापूरकरांचा हनिमून महाबळेश्वर नाहीतर गोवा इथेच संपायचा. आता मध्यमवर्गीय घरांतली मुलंसुद्धा मालदीव, अंदमान, लक्षद्वीप अशी नावं घेतात. यात गैर काही नाही. निकाहनंतर नवरा-बायकोला चार दिवस एकमेकांसाठी मिळावेत, ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण आहे ती निवडीत. मुलं मोबाईलवर खोलीचे फोटो बघतात, एजंट पॅकेज दाखवतो आणि आगाऊ पैसे भरले जातात. बेट कसलं आहे, तिथे राहण्याची रीत काय, हे विचारायचं राहून जातं.

माझ्या भाचीचं तेच झालं. एजंटने पाण्यावरची खोली दिली, सगळं खाणंपिणं धरून. परत आल्यावर म्हणाली, "मामू, समुद्र फार सुंदर होता, पण मी एकदाच उतरले." खोलीसमोरचा डेक शेजारच्या खोल्यांतून आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींतून दिसायचा. हिजाब करणारी मुलगी, उतरणार कशी? आणि 'सगळं धरून' यात निम्मी किंमत दारूची होती, असा जावयाचा हिशोब. थोडा वाढवून सांगत असेल, पण मुद्दा खरा आहे.

मालदीवमध्ये दोन वेगळे देश आहेत असं समजा

मालदीव हा सुमारे १,२०० छोट्या बेटांचा देश. इस्लाम तिथे ११५३ साली आला आणि २००८ च्या राज्यघटनेनुसार तिथला नागरिक मुस्लिमच असावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे अनेकांचा समज असतो की मालदीवला गेलं म्हणजे सगळीकडे हलालच. तसं नाही. तिथे राहण्याच्या जागा दोन प्रकारच्या आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे.

पहिला प्रकार रिसॉर्टचा. एक बेट, त्यावर एकच हॉटेल, स्थानिक वस्ती नाही. इथे दारू मिळते, डुकराचं मांसही मिळू शकतं आणि किनाऱ्यावर कपड्यांचं बंधन नसतं. दुसरा प्रकार लोकवस्तीच्या बेटांचा. तिथे शाळा, मशीद, किराणा दुकान, मासेमारीच्या होड्या आणि गल्लीबोळांतून गेस्टहाऊस. सरकारने २००९ नंतर अशा बेटांवर गेस्टहाऊसना परवानगी द्यायला सुरुवात केली, त्याआधी पर्यटक रिसॉर्टपुरतेच असायचे. लोकवस्तीच्या बेटावर दारूबंदी असते आणि अजान ऐकू येते. स्थानिक बायका पूर्ण कपड्यांत समुद्रात डुंबतात, त्यामुळे बुरकिनी घातलेल्या मुलीकडे कोणी वळून बघत नाही. परदेशी पर्यटकांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा, आडोसा केलेला किनारा असतो. त्याला तिथे 'बिकिनी बीच' म्हणतात. आपल्याला तो टाळून सार्वजनिक किनाऱ्यावर जाता येतं.

माफुशी हे यातलं सगळ्यात गजबजलेलं बेट, मालेपासून साधारण २७ किलोमीटर दक्षिणेला. स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास. हॉटेलं भरपूर, म्हणून दरही कमी. पण शांतता हवी असेल तर माफुशी नको. गर्दी आहे आणि दारूबंदीवर तोडगा म्हणून किनाऱ्यापासून थोडं दूर बार असलेल्या बोटी उभ्या असतात. (बेटावर देशाचा तुरुंगसुद्धा आहे, तो पर्यटकांना फारसा कोणी दाखवत नाही.) नवीन जोडप्याला उकुलहास, फुलिधू, धिफुशी अशी छोटी बेटं जास्त मानवतील. थोडू हे शेतीचं बेट. पपई आणि कलिंगडाचे मळे, सायकलवरून फिरणं. आपल्या शिरोळकडच्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल. मांटा नावाचे अवाढव्य मासे बघायचे असतील तर बा अटॉलमधलं धरवंधू. तिथे विमानतळही आहे. हा मोसम मात्र जून ते नोव्हेंबरचा, म्हणजे पावसाळ्यातला.

गेस्टहाऊसची दुसरी बाजूही सांगायला हवी. बरीचशी गल्लीत असतात, खिडकीतून समुद्र दिसत नाही, भिंतीला भिंत लागून शेजारी. नवरा-बायकोने रस्त्यात हात धरून चालणं ठीक, त्यापुढे मोकळीक नाही. रमजानमध्ये दिवसा हॉटेलं बंद असतात. शुक्रवारी सरकारी फेरी बोटी बहुतेक नसतात, त्यामुळे जुम्याला पोहोचायचा बेत आखू नका.

रिसॉर्टलाच जायचं असेल तर

काहींना एकांतच हवा असतो आणि तो रिसॉर्टमध्ये मिळतो हे खरं. पण मग पाण्यावरच्या खोलीच्या फोटोला भुलू नका. परदा पाळणाऱ्या मुलीसाठी किनाऱ्यावरची, झाडीतली, स्वतःचा छोटा तलाव आणि भोवती भिंत असलेली खोली कितीतरी सोयीची, आणि कित्येकदा स्वस्तही. बुक करण्याआधी हॉटेलला लेखी विचारा: तलाव शेजारून किंवा वाटेवरून दिसतो का? कोंबडी-मटण हलाल आहे का, की फक्त मासे चालतील? डुकराच्या मांसाची भांडी, तवे वेगळे आहेत का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल बघा.

जेवणाच्या पॅकेजमध्ये 'ऑल इन्क्लुझिव्ह' घेऊ नका. त्यात दारूची किंमत मिसळलेली असते. आपण पीत नाही, तरी पैसे भरतो. त्याऐवजी तीन वेळच्या जेवणाचं 'फुल बोर्ड' घ्या. बऱ्याच ठिकाणी नवविवाहितांना वाइनची बाटली भेट म्हणून खोलीत ठेवतात. आधीच कळवलं तर त्याऐवजी फळं किंवा केक देतात, आणि फ्रिजमधल्या बाटल्याही काढून घेतात. या सवलतीसाठी लग्नाचा दाखला मागतात. उर्दूतला निकाहनामा तिथे वाचता येईलच असं नाही, म्हणून महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून इंग्रजी प्रमाणपत्र जवळ ठेवा. ते पुढेही उपयोगी पडतं.

आता पैशांचं. मालदीवमध्ये दरापुढे 'प्लस प्लस' लिहिलेलं असतं. म्हणजे १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन कर. हा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. दर २०० डॉलर दिसला तर हातात बिल येतं साधारण २५७ डॉलरचं. शिवाय हरित कर: १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, लोकवस्तीच्या बेटावरच्या ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाऊसमध्ये ६ डॉलर. दोघांना चार रात्रींचे रिसॉर्टमध्ये ९६, गेस्टहाऊसमध्ये ४८. हे सगळं धरून किंमत सांगा, असं एजंटला पहिल्याच दिवशी बजावा.

त्याहून मोठा खड्डा प्रवासाचा. मालेच्या विमानतळावरून लांबच्या रिसॉर्टला पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावं लागतं. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी पोहोचलं की ती रात्र मालेत काढावी लागते, खर्च तुमचा. सामानाची मर्यादाही कमी असते; शालू आणि वलीम्याचा शेरवानी घरी ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्पीडबोटीने पोहोचता येईल असंच बेट निवडावं.

मला स्वतःला पटतो तो मधला मार्ग. तीन रात्री लोकवस्तीच्या बेटावर आणि एक रात्र त्याच अटॉलमधल्या रिसॉर्टला. किंवा गेस्टहाऊसमध्येच राहून रिसॉर्टचा एक दिवसाचा पास. फोटो तेच येतात.

भारतीय पासपोर्टवर मालदीवला पर्यटनासाठी प्रवेश पोहोचल्यावर मोफत मिळतो. जाण्याआधी ९६ तासांच्या आत 'इमुगा' या सरकारी पोर्टलवर माहिती भरायची, तीही मोफत. पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइटपासून सावध. मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर तिकीटही त्याच नावाने काढा. ऐन लग्नाच्या धांदलीत नाव बदलायला जाऊ नका.

नमाजबद्दल दोन गोष्टी. कोल्हापुरात किब्ला पश्चिमेपासून साधारण १४ अंश उत्तरेकडे आहे, मालेत तो ३० अंशांच्या आसपास जातो. सवयीने मावळतीकडे तोंड करून उभं राहू नका. मालेचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे, पण अनेक रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात. नमाजच्या वेळा आणि परतीची बोट, दोन्ही तपासून घ्या. मालेत वेळ मिळाला तर प्रवाळाच्या दगडात कोरलेली १६५८ ची जुनी जुमा मशीद जरूर बघा. चौदाव्या शतकात इब्न बतूता याच बेटांवर काझी होता. इथे मेहर कमी असल्याने लग्न करणं सोपं, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या लग्नखर्चाची चर्चा करणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

लक्षद्वीप: आपलंच, पण तयारी लागते

पासपोर्ट नको, डॉलर नको, वस्ती जवळपास सगळी मुस्लिम (२०११ च्या जनगणनेत ९६ टक्क्यांहून जास्त) आणि जेवण हलाल. ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती. तरी आपल्या घरांतून लक्षद्वीपला जाणारे कमीच, कारण तिथे जायला परमिट लागतं. ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला लागत आला आहे. अर्ज करताना ताजा नियम बघा आणि लग्नाच्या दीड-दोन महिने आधी कामाला लागा. विमान कोचीहून अगत्तीला. २०२४ मध्ये गोव्याच्या मोपाहूनही अगत्तीची सेवा सुरू झाली. कोल्हापूरकरांना हे जवळचं, फक्त वेळापत्रक तपासूनच बेत ठरवा.

राहायला कदमत आणि मिनिकॉय शांत. बंगारम हे वस्ती नसलेलं बेट, सगळ्यात देखणं, पण लक्षद्वीपमध्ये दारूची परवानगी असलेली जागाही तीच. म्हणून ज्यांना तो माहोल नको त्यांनी कदमतला राहावं, अगत्तीहून बंगारम दिवसभरात बघून यावं. खोल्या साध्या असतात, मालदीवचा थाट शोधू नका. मलयाळमी माणसं अगत्यशील. आणि नव्या सुनेला सांगण्यासारखी गोष्ट: या मुस्लिम समाजात परंपरेने घर आईच्या वंशाकडे चालतं, नवरा बायकोच्या घरी येतो.

अंदमान: परमिटशिवाय, रुपयांत

भारतीयांना पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप इथे परवानगी लागत नाही. हॅवलॉकवर किनाऱ्यांना नंबर आहेत. बरीच हॉटेलं पूर्वेला ३ आणि ५ नंबरवर. ओहोटीला तिथलं पाणी दूर जातं, पोहण्यापेक्षा बसायला चांगलं. पोहायला आणि मावळती बघायला पश्चिमेचा ७ नंबर, राधानगर. आपल्या राधानगरीशी गल्लत नको. मगरीचा इशारा लावलेल्या पाण्यात उतरू नका. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः बंगाली, त्यामुळे मासे खा, निर्धास्त राहा. हलाल मटण हवं तर पोर्ट ब्लेअरमध्ये अबरडीन बाजाराच्या बाजूला शोधा. शहरात एक रात्र ठेवाच: सेल्युलर जेल आणि १८५७ नंतर काळ्या पाण्यावर पाठवलेले, १८६१ मध्ये तिथेच वफात झालेले मौलाना फजले हक खैराबादी यांचा मजार.

लग्न मे महिन्यात असेल तर

आपल्याकडे सुट्टीमुळे मे महिन्यातली लग्नं जास्त, आणि नेमका तेव्हाच या तिन्ही ठिकाणी मोसम फिरतो. मालदीवला मे ते ऑक्टोबर पाऊस-वारा, दर मात्र उतरलेले. लक्षद्वीपची पर्यटक जहाजं मेच्या मध्यापासून बंद होतात. अंदमानला फेऱ्या रद्द होतात. मेमध्येच निघायचं असेल तर विषुववृत्ताखाली बघा. बालीच्या शेजारचं लोंबोक मुस्लिमबहुल आहे आणि मे ते सप्टेंबर तिथे कोरडा काळ. मॉरिशसलाही तेव्हा हवा थंड आणि हलाल खाणं सहज मिळतं. शिवाय तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला मराठी समाज आहे. नाहीतर सरळ डिसेंबरपर्यंत थांबा. सहा महिन्यांनी गेलं म्हणून काही बिघडत नाही, आणि तोवर दोघांना एकमेकांची आवड-निवडही कळलेली असते.

एक प्रश्न मात्र बुकिंगच्या आधीच व्हायला हवा, आणि आपल्या घरांत तो बहुतेक विचारलाच जात नाही. एजंटशी मुलगा बोलतो, पैसे अब्बा देतात, तारीख अम्मी ठरवतात. ज्या मुलीला तिथे चार दिवस राहायचंय, तिला पाण्यात उतरायचंय का, किती पडदा हवाय, बोट लागते का, कोणता आठवडा तिला सोयीचा आहे, हे निकाह ठरल्यावर तिच्या बहिणीकडून किंवा वहिनीकडून विचारून घ्या. मग बेटाचं नाव काढा.