राहून गेलेली तारीख

मागच्या महिन्यात एका शनिवारी आईचं कपाट आवरत होतो. (म्हणजे तिने आवरायला बसवलं होतं!) जुन्या लाईटबिलांच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी सापडली. डॉक्टरी अक्षरात 'पॅप स्मिअर', आणि खाली तारीख २७ मार्च २०२०. लॉकडाऊन लागला २५ मार्चला.

"आई, हे नंतर केलंस का?"

"अरे, ते राहूनच गेलं बघ."

ही गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायका म्हणतात तसं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. मुलाने आईशी बोलायला विषय अवघडच. पण किडा डोक्यात वळवळायला लागला आणि पुढचे दोन विकेंड वाचण्यात गेले.

खरं तर या तपासणीच्या इतिहासात आपला महाराष्ट्र चांगलाच पुढे आहे. टाटा हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. यंत्रं वगैरे काही नाही. वस्तीतल्या दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहिलं. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत (आता धाराशिव) १९९९ पासून असाच आणखी एक अभ्यास झाला. तिथे एचपीव्ही टेस्ट एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. (दोन्हीकडे तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांची तपासणीच झाली नाही, यावरून पुढे बराच वाद झाला. तो रास्तच होता असं मला वाटतं.)

पण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटलं ते दार वाजवणं. कोणीतरी ओळखीची बाई घरी येते, समजावते, घेऊन जाते. आजारी माणूस आपणहून दवाखान्यात जातो. या तपासणीला जाणारी बाई आजारी नसतेच, तिचं काहीच दुखत नसतं!

आणि २०२० मध्ये नेमकं हे दार वाजणंच बंद झालं. आशाताई करोनाच्या सर्व्हेला लागल्या. आमच्या डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुलात कोविड हॉस्पिटल उभं राहिलं. लोकल १५ जूनपासून धावली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. सगळ्या बायकांना परवानगी मिळाली २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला लोकल नाही म्हणजे परळ परदेशातच की. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांच्या आकडेवारीत, मार्च ते मे २०२० मध्ये नव्या पेशंटची नोंदणी आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटलेली दिसते. स्क्रीनिंग तर ७० टक्क्यांहून जास्त केंद्रांत एकतर पूर्ण बंद होतं नाहीतर पाव क्षमतेच्याही खाली.

आता म्हणाल, सगळ्या जगात तेच झालं. झालं ना. स्कॉटलंडने मार्च २०२० च्या शेवटी ही तपासणी अधिकृतपणे थांबवली. पण त्यांच्याकडे यादी आहे. कोणाची कधी झाली, पुढची कधी, सगळं रजिस्टरमध्ये. पुन्हा सुरू केल्यावर बायकांना पत्रं गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडला, पण लॉग शाबूत होता.

आपल्याकडे २०१६ पासून सरकारी धोरण आहे, ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी. कागदावर झकास. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयातल्या ज्यांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केली होती अशा बायका देशात होत्या १.९ टक्के! म्हणजे करोनाने मोडायला मुळात होतं काय? आणि जे थोडंफार मोडलं त्याचीही नोंद नाही. आईची तारीख चुकली हे कुठल्याच कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. ते माहीत होतं फक्त लाईटबिलांच्या गठ्ठ्याला.

हा रोग तसा हळू चालतो. एचपीव्हीच्या इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं जातात. सहा महिने उशिराने आभाळ कोसळत नाही. पण राहिलेलं राहूनच गेलं, तर मात्र ती सगळी वर्षं फुकट जातात. देशात या कॅन्सरने वर्षाला सुमारे ८० हजार बायका मरतात.

आईला हे सगळं सांगितलं. आकडे तिने भाजी निवडता निवडता ऐकले. मग म्हणाली, "घे तारीख. पण डॉक्टर बाईच आहेत ना, ते आधी विचार."

विचारलं. बाईच आहेत. पुढच्या शनिवारी, साडेदहाला.